तिजोरीच्या पायातली बेडी

बेडी घालायची ती चोराच्या पायात. एटीएमच्या बाबतीत ती तिजोरीच्याच पायात पडली. दिल्लीत लक्ष्मीनगरला किंवा गुडगावच्या एखाद्या सेक्टरात काचेचे दार ढकलून आपण आत शिरतो, नोटा मोजतो आणि बाहेर पडतो. समोरचे यंत्र जमिनीला जखडलेले आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. त्याच्या तिजोरीच्या तळाला भोके असतात. त्यांतून अँकर बोल्ट खालच्या काँक्रीटमध्ये उतरवतात आणि नट आवळतात ते तिजोरीच्या आतून. बोल्ट काढायचा तर आधी तिजोरी उघडली पाहिजे! याला बँकवाले ‘ग्राउटिंग’ म्हणतात. शब्द मुळात बांधकामावरचा : फटीत पातळ सिमेंट ओतून ती पक्की करणे. तो बँकेच्या नियमांत शिरला, त्याला कारण चोर.

पहिल्या यंत्राला असल्या बेडीची गरज नव्हती. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फिल्ड भागात बार्कलेज बँकेने ते सुरू केले, ते बँकेच्याच भिंतीत. तोंड रस्त्याकडे, पोट बँकेत. त्याचे एक जनक जॉन शेफर्ड-बॅरन जन्माने शिलाँगचे. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता : समोरचा माणूस खरा खातेदार कशावरून? म्हणून किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेला कागदी चेक आणि चार आकडी गुप्त क्रमांक आला. यंत्रच कोणी उचलून नेईल, ही काळजी भिंतीने वाहिली होती.

भारतात १९८७ साली एचएसबीसीने मुंबईत पहिले एटीएम बसवले. पुढे एटीएम शाखेपासून सुटले. पेट्रोलपंपाशेजारी, मेट्रो स्थानकाखाली, भाड्याच्या गाळ्यात जाऊन उभे राहिले. लोकांनी त्याच्या आद्याक्षरांचा अर्थ ‘एनी टाइम मनी’ असा लावला आणि तो खराही ठरला. फक्त भिंत मागे राहिली. लाखो रुपयांची तिजोरी आता गुळगुळीत फरशीवर एकटी उभी होती, तीही रात्रभर.

चोराला हे कळायला वेळ लागला नाही. दिल्ली, गुडगाव, फरिदाबाद, भिवाडी या पट्ट्यातल्या बातम्यांत एकच पद्धत पुन्हापुन्हा दिसते : कॅमेऱ्यावर काळा स्प्रे, यंत्राला साखळी किंवा पट्टा, दुसरे टोक पिकअपला, आणि एक हिसका. तिजोरी तिथे फोडण्यात वेळ घालवायचा नाही. सबंध धूड गाडीत टाकून शेतात न्यायचे आणि सावकाश उघडायचे. एक्स्प्रेसवेचे जाळे असे की उजाडायच्या आत राज्याची हद्द ओलांडता येते.

याला उत्तर १४ जून २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे. ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत प्रत्येक एटीएम भिंत, खांब किंवा जमीन यांत पक्के रोवा, असा आदेश निघाला. यादीत भिंत पहिली, हे मला फार बोलके वाटते. बावन्न वर्षांपूर्वी जी फुकट मिळाली होती, ती आता परिपत्रक काढून परत आणावी लागली.

त्याच कागदात दुसरी अट होती : रोकड भरताना एकदाच चालणाऱ्या संकेतांकाचे डिजिटल कुलूप. बोल्ट बाहेरच्या चोरासाठी, कुलूप आतल्यासाठी. नोटा भरणाऱ्या कस्टोडियनला कायमचा आकडा ठाऊक असला, तर साखळी लागतेच कशाला? आतला माणूस काय करू शकतो, हे दिल्लीने नोव्हेंबर २०१५ मध्ये पाहिले होते. विकासपुरीहून निघालेल्या रोकडगाडीचा चालकच साडेबावीस कोटी रुपये घेऊन पसार झाला. दुसऱ्या दिवशी तो ओखल्यात सापडला; तोवर त्याने जेमतेम अकरा हजार खर्च केले होते. गृह मंत्रालयाच्या २०१८ च्या नियमांत एका फेरीला पाच कोटींची मर्यादा आणि शहरात रात्री नऊनंतर नोटा भरण्यास मनाई आहे. साडेबावीस कोटी आठवून वाचले की त्या पाचाचे वजन कळते.

बोल्टने हिसका थोपवला, पण चोर थांबला नाही. यंत्र हलत नसेल तर जागेवरच कापायचे. त्यासाठी गॅसकटर होताच. २०२३ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैमध्ये एका रात्रीत चार एटीएम कापली गेली आणि पोलिसांचा माग हरियाणातल्या नूहपर्यंत, म्हणजे राजधानी परिसरातच येऊन पोचला. २७ सप्टेंबर २०२४ ला केरळात त्रिशूरची तीन एटीएम कापून हरियाणाची टोळी पळाली, ती आपली मोटार कंटेनर ट्रकच्या पोटात दडवून. नामक्कलजवळ पकडली गेली. आता धक्का किंवा उष्णता जाणवताच दूरच्या नियंत्रण कक्षात घंटा वाजवणारे सेन्सर बसवले जातात. कापायला जी काही मिनिटे लागतात, तेवढ्यात पोलीस पोचावेत, एवढीच त्यांची आशा.

रोवण्याच्या आदेशात एक सूट आहे. विमानतळासारख्या ठिकाणी, जिथे कॅमेरे आणि सरकारी पहारा दोन्ही आहेत, तिथे रोवण्याची सक्ती नाही. म्हणजे बोल्ट हा भिंतीचा बदली आणि पहारेकऱ्याचाही. रात्री दोन वाजता एखाद्या एटीएमच्या काचेआड प्लास्टिकची खुर्ची रिकामी दिसली, तर तिचे काम खाली फरशीत चार बोल्ट करत असतात.