आधी ताडपत्री, मग मका

उघड्यावरची धान्याची रास झाकायची म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खळं येतं. आभाळ भरून आलं, चौघांनी चार कोपरे धरले, कडेला दगड ठेवले, झालं. याच कामाला मोटरवर चालणारे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढणारे रहाट, लागतात असं सांगितलं तर कुणीही विचारील, रास आहे तरी केवढी?

आयोवा, नेब्रास्का, इलिनॉय या अमेरिकेतल्या मक्याच्या राज्यांतली रास घ्या. सुगी दोन-अडीच महिन्यांत उरकते. एलेव्हेटर, म्हणजे तिथली उंच कोठारं, भरून जातात, रेल्वेच्या वाघिणी वेळेवर मिळत नाहीत, आणि उरलेला मका जमिनीवरच ओतावा लागतो. सुका मका साधारण २३ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. त्या हिशेबाने ५० मीटर त्रिज्येच्या गोल राशीचा शेंडा २१ मीटरवर, म्हणजे सहा-सात मजल्यांवर जातो. आत मावतो जवळजवळ ४०,००० टन मका, आणि झाकायला लागतं साडेआठ हजार चौरस मीटर कापड, दोन एकरांहून जास्त. चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरले तरी ताडपत्री साडेतीन टनांच्या आसपास भरते. वारा सुटला की तिचं काय होतं, ते शिडाच्या होडीत बसलेल्याला सांगायला नको.

शिडाचं नाव उगाच घेतलं नाही. ताडपत्री आणि विंच, दोघांचं मूळ घर जहाजच. डांबर दिलेलं कॅनव्हास खलाशांचं, नांगर आणि शिडं ओढायचा रहाटही त्यांचाच. मालवाहू जहाजाच्या पोटात गहू भरला की तोंडावर फळ्या, फळ्यांवर ताडपत्र्या, आणि कडेने लाकडी पाचरी ठोकून सगळं घट्ट करायचं; ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. डेकवरच्या रहाटाला वाफेचं इंजिन जोडलं गेलं, पण ते माल उचलायला. झाकण ओढायची पाळी माणसांवरच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात मॅकग्रेगर बंधूंनी पोलादी झाकणं आणली, आणि पुढे तर विंचची एक तार ओढली की झाकणांची अख्खी माळ बाजूला सरकू लागली. झाकण आणि विंच यांची गाठ पडली ती इथे.

जमिनीवर विंच त्याआधीच उतरला होता. जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगराच्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्टने १८३४ साली ओझी वर खेचायला लोखंडी तारांचा दोर वळला. कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बियरने १८८२ साली पेटंट घेतलेल्या वाफेच्या ‘डाँकी’ विंचने जंगलातून ओंडके ओढून आणले. धान्याच्या वाट्याला मात्र विंच उशिरा आला. जागा कमी पडली की सरकारं छप्पर शोधत. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातल्या मुर्टोआ गावी ५६० झाडांचे खांब उभे करून ‘तात्पुरतं’ कोठार बांधलं, ते पुढे कित्येक दशकं वापरात राहिलं. धान्याच्या बाबतीत ‘तात्पुरतं’ हे फारसं मनावर घेऊ नये. १९५३ ते १९६३ या काळात अमेरिकेने शिल्लक गहू हडसन नदीत नांगरलेल्या युद्धकाळातल्या जहाजांत भरून ठेवला होता.

सुट्या धान्याची रास जमिनीवर घालायची तेव्हा क्रम ठरलेला असे: आधी ओतायचं, मग झाकायचं. दोर घेऊन माणसं उतारावर चढणार, पाय पोटरीपर्यंत मक्यात रुतणार, आणि वारा पडेपर्यंत थांबणार. राशीवर पाऊस पडायचा तो नेमका या मधल्या दिवसांत. विंचने हा क्रमच उलटा केला.

आता राशीच्या मधोमध पोलादी मनोरा असतो. मका पट्ट्यावरून त्याच्या माथ्यावर जातो, आतून खाली येतो आणि बाजूच्या तोंडांतून बाहेर पडतो. पहिला दाणा पडण्याआधीच ताडपत्री मनोऱ्याभोवती अंथरलेली असते. तिची आतली कड एका पोलादी कड्याला बांधलेली, बाहेरची कड भोवतालच्या बुटक्या भिंतीला. कड्यापासून निघालेल्या तारा माथ्यावरच्या कप्प्यांवरून विंचपर्यंत येतात. रास चढेल तसं कडं चढवायचं. गंमत अशी की कड्याला २१ मीटर चढायचं असलं तरी उतारावरचं अंतर ५० मीटरवरून ५४च होतं. सुरुवातीला मनोऱ्याच्या पायथ्याशी चार मीटरचा झोळ पडलेला असतो, तेवढाच ताणत न्यायचा. पण एक तार दुसरीच्या पुढे गेली की कडं कलतं आणि मनोऱ्याला अडकतं. सगळ्या तारा तासन्‌तास एकाच चालीने ओढायच्या, आणि ते काम मोटर माणसापेक्षा बरं करते. वीज गेली तर ब्रेक किंवा वर्मगिअर तार गुंडाळलेला ड्रम जागच्या जागी धरून ठेवतो, भार उलटा धावत नाही.

नुसत्या विंचने हे जमलं नसतं. कडेचे पंखे राशीतली हवा बाहेर ओढतात. त्याने धान्य थंड राहतं आणि त्याच ओढीने ताडपत्री मक्याला चिकटून बसते. विंच कापड वर नेतो, पंखा ते खाली दाबून धरतो. वादळात पंखा बंद पडला, तर विंच कितीही दणकट असला तरी कापड फडफडून फाटू शकतं.

आपल्या अन्न महामंडळाच्या उघड्यावरच्या साठवणुकीत, जिला तिथे ‘कॅप’ म्हणतात, विंच कधी शिरला नाही. तिथली थप्पी साधारण १५० टनांची. खाली लाकडी क्रेट, वर २५० मायक्रॉनचं काळं पॉलिथिन, त्यावर नायलॉनचे दोर. थप्पी पोत्यांची असल्यामुळे हमाल तिच्यावर उभा राहू शकतो आणि कापड हाताने ओढू शकतो. २०१५ साली शांता कुमार समितीने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करून सायलो बॅगांकडे (धान्याच्या बंद पिशव्यांकडे) आणि नेहमीच्या गोदामांकडे वळायला सांगितलं. तसं झालं तर ताडपत्री जाईल, आणि विंच यायच्या आधीच त्याचं काम संपलेलं असेल.