बिनपाण्याची हजामत

एखाद्याला भर बैठकीत फैलावर घेतलं, की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्यानं हजामत झाली. मंडळी, या वाक्प्रचारातल्या पाण्याकडे जरा लक्ष द्या. बिनसाबणानं झाली, असं कोणी म्हणत नाही. कारण साबण ही दाढीच्या कामातली पुढची भरती. गावगाड्यातल्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा, सहाण, नखं काढायची नराणी आणि पाण्यासाठी वाटी एवढा सरंजाम असे. गिऱ्हाइकाला समोर बसवायचं, वाटीत बोटं बुडवायची आणि गालावर पाणी चोळत राहायचं. बोटं चालू, गावच्या बातम्याही चालू. केस नरम झाले, की मग वस्तरा.

या कामातले शब्दही पाहण्यासारखे आहेत. हजामत हा मूळ अरबी शब्द. त्याचा पहिला अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणं. पूर्वी ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हाती असत, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटलं. वस्तरा म्हणजे फारसीतला उस्तुरा. न्हावी मात्र संस्कृतातल्या नापितापासून आला आणि दाढी प्राकृतातून. साबणाला अरबीत साबून म्हणतात, पोर्तुगीजांचाही शब्द त्याच्याच जवळचा आहे. मराठीत तो कोणत्या दारानं शिरला, यावर पंडितांना भांडू द्या. मला ही खिचडी फार आवडते. आमच्या घरची मराठी अशीच आहे.

आता पाणीच एवढं मोठं, तर साबण कशाला? दाढीचा केस पाणी शोषून फुगतो आणि नरम होतो, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. साबण केसावरचा तेलकटपणा काढतो, त्यामुळे पाणी लवकर आत शिरतं. मग त्याचा फेस ते पाणी गालावर धरून ठेवतो आणि पात्याला वंगण पुरवतो. म्हणजे साबण हा पाण्याचा चाकर. अंगाच्या साबणाचा फेस हे काम नीट करत नाही, तो लवकर वाळतो. दाढीच्या साबणात म्हणूनच नुसत्या कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅशही घालतात. पोटॅशचा साबण मऊ होतो आणि पाण्यात चटकन विरघळतो. खोबरेल तेलामुळे फेस झटकन येतो, पण झटकन बसतोही. तो टिकवायला स्टिअरिक आम्ल लागतं. अमेरिकेत जे. बी. विल्यम्स यांच्या कारखान्यानं १८४०च्या सुमारास मगमध्ये ठेवायचा दाढीचा खास साबण बाजारात आणला. पुढे त्याच्या कांड्या आल्या, मग ट्यूबमधलं क्रीम, आणि १९४९ साली डब्यातून फुसकन बाहेर येणारा तयार फेस.

हे स्टिअरिक आम्ल भरपूर कुठे मिळतं? चरबीत. गायीबैलांच्या आणि मेंढ्यांच्या. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या नामांकित साबणांचा दाट फेस त्या चरबीचा असे. आता विचार करा, ज्या देशात १८५७ साली काडतुसांच्या चरबीवरून एवढा भडका उडाला, तिथे हा फेस माणसानं रोज ओठांपर्यंत न्यायचा! हिंदूला गायीची शंका, मुसलमानाला डुकराची. साबणाची वडी एकच, तिच्यापाशी दोघेही सारखेच बिचकलेले. जैन आणि शाकाहारी मंडळींना तर कोणतीच चरबी नको. अर्देशीर गोदरेज यांनी पहिलं महायुद्ध संपता संपता मुंबईत वनस्पती तेलांचा साबण काढला, तो या शंकेवरचा उतारा होता आणि स्वदेशीचा मंत्रही. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या साबणाची जाहिरातीतून शिफारस केली. तसं पाहिलं तर अलेप्पो आणि नाबलुस या गावांत ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं होत आला आहे. नमाजी माणसाला त्यात काही खटकत नाही. पण दाढीला त्याचा फेस पातळ पडतो.

साबणाचं निस्तरलं, तर ब्रश उभाच. जुने ब्रश बॅजर नावाच्या प्राण्याच्या, घोड्याच्या किंवा डुकराच्या केसांचे. माझे वडील शाळामास्तर, दाढी गुळगुळीत ठेवणारे. ब्रश घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलंच, केस कुणाचे आहेत? दुकानदार म्हणाला, "मास्तर, घोड्याचे असतील." त्या 'असतील'वर वडिलांचा विश्वास बसला नाही. नायलॉनचा ब्रश मिळेपर्यंत ते बोटांनीच फेस करत. घोड्याच्या केसांचाही इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट न शिजवलेल्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्सचे रोगजंतू माणसांच्या गालापर्यंत पोचले, लोक दगावले, आणि १९२० साली ब्रिटननं जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

साबणाची वडी आणि सुटं पातं घरात आलं, याचा आपल्या समाजात आणखी एक अर्थ होता. न्हाव्याची ती पाण्याची वाटी सगळ्यांसाठी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याची आठवण सांगितली आहे. साताऱ्यात न्हावी होते, घरात पैसेही होते. पण अस्पृश्याचे केस कापायला कोणी न्हावी तयार नव्हता. म्हणून भावंडांचे केस मोठी बहीण कापायची आणि सरावानं ती त्यात तरबेज झाली. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा त्या बहिणीच्या हातातली कात्री बराच वेळ डोळ्यांपुढून हलेना. जिलेटचं सुटं पातं १९०३ साली विक्रीला आलं. त्याचा इतिहास लिहिणारे वेळ वाचल्याचं कौतुक सांगतात. आपल्याकडे ज्याला न्हाव्याच्या ओट्यावर बसूच देत नव्हते, त्याच्या हिशेबी पातं, वडी आणि तांब्याभर पाणी यांची किंमत निराळी होती. त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं.

आज दुकानात गेलात, तर सुवासाला भुलण्याआधी वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. सोडियम टॅलोएट म्हणजे चरबी, सोडियम पामेट म्हणजे पामतेल. नुसतं स्टिअरिक आम्ल लिहिलं असेल तर ते दोन्हींकडून आलेलं असू शकतं. ज्यांना पथ्य आहे त्यांनी कंपनीला विचारावं. ग्लिसरीन असेल तर फेस लवकर वाळत नाही. फार वास मारणारं क्रीम नाजूक कातडीला सोसत नाही.

वापरायची रीत जुनीच बरी. आंघोळीनंतर, किंवा गरम पाण्याचा पंचा गालावर दोन मिनिटं धरून मग दाढी करावी. क्रीम हरभऱ्याएवढं पुरतं. फेस जड वाटला तर क्रीम वाढवू नका, पाण्याचे चार थेंब वाढवा. बोअरच्या जड पाण्यात तो फाटतो. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी चार दिवसांआड येतं, तेव्हा मी एक तांब्या नळाचं पाणी दाढीसाठी झाकून ठेवतो. घरची माणसं हसतात.