नारळी पौर्णिमा ते 31 जुलै

पावसाळ्यातील मासेमारीबंदी सरकारने आणली, असे शहरात समजले जाते. किनाऱ्यावर विचारले तर बंदी आमच्या वाडवडिलांचीच, असे उत्तर मिळते. दोन्ही म्हणणी अर्धीच खरी आहेत.

शिडाच्या होड्यांच्या काळात मृग लागला की समुद्र आपणच बंद होई. होड्या वर ओढून शाकारल्या जात, जाळी दुरुस्त होत आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच नवा हंगाम सुरू होई. यात श्रद्धा होती, तसा खवळलेल्या समुद्राचा धाकही होता. स्वातंत्र्यानंतर होड्यांना यंत्रे बसली, त्यासाठी सरकारने साह्यही दिले. पुढे कोळंबीच्या निर्यातीमुळे ट्रॉलर वाढले. तो धाक ओसरला आणि वाऱ्या-लाटांचे काम कायद्याकडे आले.

यांत्रिक बोटींविरुद्ध गोव्यातील रापणकार आणि केरळातील पारंपरिक मच्छीमार आंदोलने करीत असताना केंद्राने 1976 मध्ये मजुमदार समिती नेमली. केरळ व गोव्याचे कायदे 1980चे, महाराष्ट्राचा 1981चा. आपल्याकडील पूर्वीचा बंदीचा नियम वाचण्यासारखा आहे: 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर. सरकारी नियमात पंचांगाला जागा होती.

2015 मध्ये केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची बंदी ठरवली आणि पुढे राज्यातही त्याच तारखा आल्या. पौर्णिमा 2020 मध्ये 3 ऑगस्टला आली, तर 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे थेट 30 ऑगस्टला. त्या वर्षी परंपरा पाळून थांबणाऱ्याने महिनाभर दुसऱ्याच्या बोटी भरून येताना पाहायच्या होत्या. संयम पाळणाराच तोट्यात गेला, तर संयम टिकत नाही.

मात्र परंपरा म्हटली की ती निर्दोष, असेही नाही. डोल जाळ्याच्या शेवटच्या भागाची, म्हणजे खोल्याची, आसे फार बारीक असतात. बोंबील-जवळ्याबरोबर पापलेटची पिल्लेही त्यात अडकतात. पर्ससीनवर 2016 मध्ये राज्याने निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राने बंदी आणली. पण खोल्याचा प्रश्न राहिलाच. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला त्याच 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवले; पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे.

परंतु बंदरावर पट्टी लावून मासा मोजला जातो तेव्हा तो मेलेला असतो. लहान पिल्लू सुटायचे तर समुद्रातच, जाळ्याच्या आसातून सुटले पाहिजे. म्हणून आसांची तपासणी होडी निघण्यापूर्वी व्हावी, आणि ती डोलवाल्यापासून पर्ससीनवाल्यापर्यंत सर्वांची व्हावी. पूर्वी मृगाचा वारा कोणालाच सवलत देत नसे. कायद्यानेही देऊ नये.