चुनखडीचे फसफसणे आणि इतिहासाचा पुरावा : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा हा प्रामुख्याने बेसाल्ट खडकाचा व पर्जन्यछायेतील प्रदेश आहे. येथे चुन्याच्या दगडाचे मोठे थर नाहीत. चुन्याचा जवळचा स्रोत म्हणजे काळ्या मातीत व नदीकाठच्या गाळात सापडणारे चुनखडीचे खडे होत. क्षेत्रभेटीत एखाद्या पांढऱ्या थरावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात आणि तो फसफसला की ‘चुना’ अशी नोंद करतात. ही नोंद इतिहासाचा पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फसफसण्याचे कारण :
चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लातील हायड्रोजन आयन कार्बोनेटशी संयोग पावून कार्बोनिक आम्ल तयार होते. ते अस्थिर असल्याने त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड असे विघटन होते. हा वायू पाण्यात अल्प प्रमाणातच विरघळतो, म्हणून उरलेला बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटच्या 100 ग्रॅम वजनात 44 ग्रॅम हा वायूच असतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
भट्टीत चुनखडी जाळली की कळीचा चुना दाहक का होतो, याचे उत्तर अठराव्या शतकापर्यंत ‘त्यात अग्नीचा अंश शिरतो’ असे दिले जाई. जोसेफ ब्लॅक यांनी 1756 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साहाय्याने याच्या उलट सिद्ध केले. भट्टीत चुनखडीत काही शिरत नाही, तर तिच्यातून वायू निघून जातो. म्हणूनच ताजा कळीचा चुना आम्लात विरघळतो, तापतो, परंतु फसफसत नाही. हाच चुना विरवून बांधकामात वापरला असता तो हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो व कार्बोनेट बनून घट्ट होतो. तेव्हा तो पुन्हा फसफसू लागतो.

जिल्ह्यातील संदर्भ :
येथेच इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण सुरू होते. नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. अशा ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत पांढरी जमीन आढळली, तर ती भाजलेल्या चुन्याची, की न भाजता कुटलेल्या चुनखडीची, की मातीत नैसर्गिकरीत्या साचलेल्या कार्बोनेटची, हे आम्लाचा थेंब सांगू शकत नाही. तिन्ही फसफसतात. हा फरक लहान नाही. चुना भाजण्यासाठी सुमारे 900 अंश सेल्सिअस तापमान, मुबलक सरपण व भट्टीचे ज्ञान लागते. म्हणजेच एका बुडबुड्यावरून आपण एका समाजाला तंत्रज्ञान बहाल करतो किंवा नाकारतो.

निजामशाहीकालीन वास्तूंच्या बाबतीतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. 1583 मध्ये पूर्ण झालेल्या फराहबागेसारख्या वास्तूचा जुना गिलावा फसफसतो, तसेच हवेशी संपर्क आलेले अलीकडील सिमेंटही फसफसते. त्यामुळे मूळ काम व डागडुजी यांचा भेद केवळ या चाचणीने ठरत नाही. शिवाय आम्ल त्या थराचाच नाश करते. म्हणून ही चाचणी वास्तूवर न करता गळून पडलेल्या कणावरच करणे योग्य होय.

निष्कर्ष :
फसफसणे हे कार्बोनेटच्या अस्तित्वाचे प्रमाण आहे, मानवी कृतीचे नव्हे. चुना भाजला गेला होता असे म्हणण्यासाठी भट्टीचे अवशेष, राख-कोळसा, अर्धवट भाजलेले खडे व सूक्ष्मदर्शकाखालील रचना यांची जोड हवी. रसायनशास्त्र व इतिहास या विभागांनी अशा नोंदी एकत्र बसून तपासल्या, तर जिल्ह्याच्या बांधकामपरंपरेचे चित्र अधिक विश्वसनीय होईल.