मर्थरचे लोखंडसम्राट : क्रॉशे घराणे

दक्षिण वेल्समधील मर्थर टिडव्हिल या गावाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी तेथील लोखंड कारखानदारांचा इतिहास होय. त्यांत सर्वाधिक प्रबळ ठरले ते क्रॉशे घराणे. या घराण्याचा संस्थापक रिचर्ड क्रॉशे (१७३९–१८१०) मात्र वेल्श नव्हता. तो इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. अँथनी बेकन याने १७६५ मध्ये काढलेला कव्हार्थ्वा येथील कारखाना बेकनच्या मृत्यूनंतर (१७८६) त्याच्या हाती आला. बिडापासून घडीव लोखंड तयार करण्याची हेन्री कॉर्टची नवी पद्धत त्याने तेथे मोठ्या प्रमाणावर राबविली. मर्थर ते कार्डिफ हा १७९४ मध्ये पूर्ण झालेला कालवाही मुख्यतः त्याच्याच पुढाकाराचे फळ.

रिचर्डचा नातू दुसरा विल्यम याने १८२४-२५ मध्ये कारखान्यासमोरच्या उतारावर गढीवजा वाडा बांधला. त्यासाठी सुमारे तीस हजार पौंड खर्च झाला. पुढे सहाच वर्षांत, मंदीचे कारण देऊन त्याने मजुरी कमी केली. कर्जवसुलीच्या न्यायालयाने कामगारांचे घरसामान जप्त करण्याचा सपाटा आधीच लावला होता. जून १८३१ मध्ये मर्थरमध्ये उठाव झाला. ३ जून रोजी कॅसल इन या खाणावळीसमोर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात किमान सोळा जण ठार झाले. एका सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून रिचर्ड लुईस ऊर्फ डिक पेंडेरिन या तरुण कामगारास १३ ऑगस्ट रोजी कार्डिफ येथे फाशी देण्यात आले. त्याला वाचविण्यासाठी हजारोंनी अर्जावर सह्या केल्या होत्या. खरा हल्लेखोर आपणच, अशी कबुली अमेरिकेत मरणासन्न अवस्थेतील एका वेल्श माणसाने दिल्याचे वृत्त १८७४ मध्ये प्रसिद्ध झाले. डिक आजही वेल्श कामगारांचा हुतात्मा मानला जातो. क्रॉशेंच्या वाट्याला असे प्रेम कधी आले नाही.

विल्यमचा मुलगा रॉबर्ट थॉम्पसन याने कारखान्याचा वाद्यवृंद उभारला आणि छायाचित्रणाचा छंद जोपासला. मजुरीच्या वादात त्याने १८७४ च्या सुमारास भट्ट्या विझविल्या व गाव उपाशी पडले. १८७९ मध्ये तो वारला. व्हेनर येथील त्याच्या थडग्यावरील अवजड शिळेवर ईश्वराकडे क्षमायाचना करणारे तीनच शब्द कोरले आहेत.

त्याची पत्नी रोझ मेरी हिचे कार्य मात्र निराळे. तिने कामगारांसाठी मोफत ग्रंथालये काढली. स्त्रियांना मताधिकार मागणाऱ्या १८६६ च्या अर्जावर तिची सही आहे. साहित्याभ्यासक स्त्रियांसाठी तिने १८८८ मध्ये ठेवलेल्या निधीतील पारितोषिक पुढे ब्रिटिश अकादमीकडे आले व ते तिच्याच नावाने दिले जाते. शेजारच्या डाउलेस कारखान्याची शार्लट गेस्ट हीदेखील अशीच कर्तबगार. वेल्श मध्ययुगीन कथांचा ‘मॅबिनोगियन’ हा संग्रह तिने इंग्रजीत आणला आणि पतीच्या मृत्यूनंतर (१८५२) काही काळ कारखान्याची सूत्रेही सांभाळली.

कव्हार्थ्वाचा कारखाना कधीच थंडावला. विल्यमचा वाडा विसाव्या शतकाच्या आरंभी नगरपालिकेने विकत घेतला आणि तेथे वस्तुसंग्रहालय सुरू झाले.