बुधवारची वही

माझ्याकडे एक चाळीस पानी वही आहे. वर नाव माझं आणि विषयाच्या जागी नुसतं 'बुधवार'. आत गाण्यांच्या याद्या. डावीकडे १ ते १६ आकडे, पुढे सिनेमा, कंसात संगीतकार. अक्षर माझं, पण वही दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे. पुढे जन्मभर फळ्यावर लिहिलं, त्याची तालीम ही अशी झाली!

नातवंडांसाठी थोडं सांगायला हवं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले (तेही आपलेच, मराठी माणूस) आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार बंद झालं. लोक काय करणार, त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरात तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ ते नऊ, अमीन सायानींचा आवाज. आम्हाला वाटायचं हा माणूस समुद्रापलीकडून बोलतो आहे. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण कुलाब्याला व्हायचं आणि फिती कोलंबोला जायच्या! आमच्या गिरगावातल्या चाळीतून चालत जाता आलं असतं.

मजल्यावर रेडिओ एकाच खोलीत. पुरुष आत, मुलगे दारात, आम्ही मुली गॅलरीत कठड्याला टेकून. आठ वाजले की चाळीचे पक्ष पडायचे. समोरच्या खोलीतले काका नौशादचे. "संगीत म्हणजे रागदारी, बाकी सगळा बँड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरुण पोरं शंकर-जयकिशनची. एक ओ. पी. नय्यरचा एकांडा भक्त होता, तो लताबाईंचं गाणं लागलं की मुद्दाम उठून पाणी प्यायला जाई, कारण नय्यरांनी उभ्या कारकिर्दीत लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. भक्ती अशी असते! आणि दादा सी. रामचंद्रांचा. तो त्यांना 'अण्णा' म्हणायचा, जणू पलीकडच्याच बिऱ्हाडात राहतात.

अण्णांचं नाव रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबे. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, काही सिनेमांत राम चितळकर, काहींत अण्णासाहेब. एकाच माणसाची ही इतकी नावं दादा वाटेत भेटेल त्याला मोजून दाखवायचा. दादा अकरा वर्षांचा असताना १९५१ साली 'अलबेला' आला. तो ज्यांनी काढला ते भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव, दादर-परळ भागातच वाढलेले. म्हणजे सिनेमा आपला, नाचणारा आपला आणि चालही आपल्या माणसाची. पुढे भगवानदादांचे दिवस फिरले, दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत ते राहिले आणि २००२ साली गेले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या दारापुढे थांबत आणि ते खाली येऊन नाचेपर्यंत बँडवाले 'अलबेला'च वाजवत राहत, असं सांगतात.

दादाचं हुकमी पान म्हणजे 'आझाद'ची कथा. १९५५ चा सिनेमा, निर्माते दक्षिणेतले श्रीरामुलू नायडू. ते आधी नौशादकडे गेले आणि महिन्याभरात सगळी गाणी हवीत म्हणाले. नौशाद भडकले. असं काम आपल्याकडे होत नाही म्हणून त्यांना वाटेला लावलं. नायडू मग अण्णांकडे आले आणि अण्णांनी ती गाणी ठरल्या मुदतीत करून दिली. ती गाजली. दादा ही कथा समोरच्या काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचा. शेवटी एकच वाक्य, "नौशादला जमलं नाही ते अण्णांनी महिन्यात केलं!"

मला आता ही कथा तशी वाटत नाही. नौशादना जमलं नाही असं नव्हतंच, त्यांना तसं करायचं नव्हतं. १९३७ साली लखनौहून आलेला हा मुलगा दादरला फुटपाथवर झोपला होता. समोर ब्रॉडवे थिएटर. पंधरा वर्षांनी त्याच ब्रॉडवेला 'बैजू बावरा' लागला तेव्हा हे अंतर, म्हणजे एका रस्त्याची रुंदी, ओलांडायला आपल्याला किती वर्षं लागली हे त्यांनी बोलून दाखवलं होतं. आता ते थिएटरही राहिलं नाही. इतक्या वर्षांनी रस्ता ओलांडलेला माणूस 'महिन्यात द्या' म्हटल्यावर भडकणारच. आणि अण्णांचा अभिमान असा की अडचण समोर आली की हात शिवशिवायचे. एकाचा मान 'नाही' म्हणण्यात, दुसऱ्याचा 'हो' म्हणून करून दाखवण्यात. काकांना आणि दादाला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर दोघांनी मिळून त्यालाच चाळीतून हाकललं असतं!

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. गॅलरीत आम्ही ज्या भिंती घातल्या होत्या त्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत नव्हत्याच. ओ. पी. नय्यरचा भक्त आणि शंकर-जयकिशनची पोरं एकमेकांशी बोलत नसत, पण दोन्हीकडच्या गाण्यांचं वाद्यमेळाचं काम करणारा माणूस एकच, गोव्याचा सेबॅस्टियन डिसूझा. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो ओळखीचा ढोलकाचा ठेका दत्ताराम वाडकरांचा. वादक त्याला 'दत्तू ठेका' म्हणत. दादा ज्या संगीताला नावं ठेवायचा त्याच्या तालावर एक वाडकर बसलेला होता! अण्णांच्या 'अलबेला'तला ट्रम्पेट चिक चॉकलेटचा, म्हणजे हळदोण्याच्या आंतोनियो झेवियर वाझचा. धोबीतलावला गोवेकरांचे कूड होते. तिथून व्हायोलिनच्या पेट्या घेऊन निघालेली माणसं मी शाळेत जाताना पाहिली आहेत. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे ती जात. त्यांचं नाव आमच्या वहीत एकदाही आलेलं नाही. कंसात फक्त संगीतकार.

गिरगावचंच सांगायचं तर कल्याणजी. त्यांच्या वडिलांचं गिरगावात किराणा दुकान. उधारी फेडता येईना म्हणून एका संगीत शिक्षकाने त्या बदल्यात मुलांना शिकवलं, अशी त्या घराण्याची सुरुवात. १९५४ च्या 'नागिन'मधली पुंगी ही पुंगी नव्हेच, ते क्लॅव्हायोलिन नावाचं विजेवर चालणारं वाद्य आणि वाजवणारे कल्याणजी. संगीत हेमंतकुमारांचं. विसर्जनाला चौपाटीकडे जाताना लालबागच्या बेंजो पार्ट्यांपासून आमच्या आळीतल्या ताशांपर्यंत सगळे त्या सुरावर नागासारखे डोलत. तो सूर आपल्याच वाण्याच्या मुलाने वाजवला आहे हे आम्हाला कुठे माहीत!

आता जे सांगायला बसले त्यावर येते.

गीतमालेतला क्रम तबकड्यांच्या खपावरून ठरे, शिवाय गावोगावच्या श्रोता संघांची पसंतीही मागवत. आमच्या चाळीतल्या मुलांचाही एक संघ होता. सभासद अकरा, वर्गणी महिना चार आणे. दर आठवड्याला सर्वांची पसंती दादा तोंडी सांगे, मी वहीत उतरवून घेई आणि मग कार्डावर नक्कल करून पेटीत टाकी.

१९६४ च्या शेवटी 'दोस्ती' आला. त्यात एकही नामांकित नट नव्हता. संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल तर कालपरवापर्यंत इतरांकडे वाजवणारे, कल्याणजी-आनंदजींचे सहाय्यक. मी चौदा वर्षांची. ती गाणी ऐकली आणि माझं काहीतरी झालं. दादाला म्हटलं, "अरे, लक्ष्मीकांत म्हणजे कुडाळकर. तेही आपलेच की." तो म्हणाला, "जोडीतला एकच आपला. म्हणजे अर्धाच!" सगळे हसले. पुढल्या वर्षी फिल्मफेअरला 'संगम' आणि 'वह कौन थी' समोर असताना 'दोस्ती'ने संगीताचं पारितोषिक नेलं, तेव्हा शंकर-जयकिशनच्या पोरांनी दोन दिवस मौन पाळलं. त्या 'दोस्ती'त माऊथ ऑर्गन वाजवला आहे राहुल देव बर्मन यांनी. पुढच्या दशकात ज्या दोन नावांवरून कॉलेजातली मुलं हमरीतुमरीवर आली ते हेच.

दादाच्या अण्णांचे तेव्हा उतरते दिवस होते. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीला लताबाईंनी त्यांचं ते सैनिकांचं गाणं गायलं आणि देश हेलावला, पण सिनेमे कमीच होत गेले. १९६५ साली 'जिंदगी और मौत' आला. दादाला वाटलं आता अण्णा परत येणार. तो दर बुधवारी पहिला क्रमांक त्यालाच द्यायला सांगे. बाकीचे दहाजण कुरकुरत, पण दादापुढे बोलत नसत.

मी वहीत तसंच लिहिलं. कार्डावर मात्र पहिल्या जागी 'दोस्ती' लिहून टाकलं. एकदा नाही, सलग सात-आठ आठवडे.

माझ्या कार्डांनी काय फरक पडला असेल? काहीच नाही, हे मला कळतं. पण दादा दर बुधवारी रेडिओजवळ जाऊन बसायचा. सोळाव्या पायदानापासून वाट बघायचा. वर वर जाताना त्याचा चेहरा बदलत जायचा ते मी गॅलरीतून बघितलेलं आहे. एकदा म्हणाला, "आपलं कार्ड पोचत नसेल का गं? पोस्टात घोळ होत असेल." मी म्हटलं, "असेल." पुढल्या आठवड्यात तो स्वतः जीपीओला जाऊन कार्ड टाकून आला. घाई होती म्हणून वाचलं नाही, माझ्यावर विश्वास होता म्हणूनही असेल. त्यावरही 'दोस्ती'च होतं. त्यानंतर मला पुढे लिहवेना. परीक्षा आली असं सांगून मी ते काम सोडलं आणि संघही काही महिन्यांत बंद पडला.

१९७३ साली एक गोष्ट घडली, ती दादाने लालबागहून मुद्दाम येऊन मला सांगितली होती. (लग्नानंतर तो तिकडे राहायला गेला. तिथल्याच एका गिरणीत कारकून होता.) 'बेईमान'ला संगीताचं फिल्मफेअर मिळालं आणि 'पाकीजा'ला नाही. 'पाकीजा'चे गुलाम मोहम्मद १९६८ लाच वारले होते, आयुष्यभर नौशादचे सहाय्यक म्हणून ओळखले गेलेले. प्राणला त्याच 'बेईमान'मधल्या भूमिकेसाठी पारितोषिक होतं. संगीताचा मान गुलाम मोहम्मदांचा होता म्हणून त्याने ते घेतलं नाही. दादा हे सांगताना गहिवरला होता. "नौशादच्या माणसासाठी, बघ," म्हणाला. मला तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि विषय बदलला.

५ जानेवारी १९८२ ला सी. रामचंद्र गेले. दादाने दोन दिवस दाढी केली नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसं घरी बसली, त्यात दादाही. पुढे काय झालं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. त्या वर्षात त्याने ग्रामोफोन आणि तबकड्या चोरबाजारात नेऊन विकल्या. 'अलबेला'सुद्धा. आम्हाला कळलं ते फार नंतर, कोपऱ्यातली जागा रिकामी दिसली म्हणून विचारलं तेव्हा. "जागा अडत होती," एवढंच बोलला.

वही मात्र त्याने ठेवली होती. तो गेल्यावर वहिनींनी ती माझ्या हातात दिली, "तुमचं अक्षर आहे, तुम्हीच ठेवा" म्हणून.

दादाची मुलगी हे सगळं वाचते, म्हणून तिच्यासाठी लिहिते. पुढच्या वेळी येशील तेव्हा वही घेऊन जा. ती तुझ्या बाबांची आहे. फक्त १९६५ ची पानं वाचताना लक्षात ठेव, तिथे पहिल्या क्रमांकावर सी. रामचंद्र आहेत, ते मी फक्त वहीतच लिहिलं होतं.