वडीलधाऱ्यांच्या तोंडचा इतिहास

देवालयाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा दगड नवा बसतो, लाकूड नवे येते आणि देणगीदारांची नावे संगमरवरी फरशीवर कोरली जातात. परंतु जुना सभामंडप उतरविला की त्याबरोबर आणखीही काही उतरते. कोणत्या खांबाशी पंच बसत, भजनाचा पखवाज कोणाच्या घरून येई, नंदादीपाचे तेल कोणाकडे होते, ही माहिती सहसा कोणत्याच दप्तरात नसते. ती चार-दोन वयोवृद्ध माणसांच्या तोंडी असते.

जुने कागद जपण्याचे काम महाराष्ट्रात मोठे झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तथापि दप्तर असे ते बहुधा वतनदारांच्या वाड्यात. कुळवाडी, बलुतेदार, शेतमजूर यांच्या घरी कागद कोठला? त्यांचा इतिहास म्हणजे त्यांची आठवण.

या आठवणीला स्वतःचे पंचांग असते. जुनी माणसे जन्मसाल सांगत नसत. ‘पटकीच्या साली’, ‘मानमोडीच्या आदल्या वर्षी’ असे सांगत. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व पुढे खेड्यापाड्यांत पसरला. तेव्हा माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, त्यातील खडी फोडण्याची कामे आणि सुकडी, हेही त्याच पंचांगातले टप्पे होत. एवढे ध्यानी घेतले की पुष्कळ घटनांचे साल बसविता येते.

मात्र यात घाई आहे. १९८० च्या सुमारास मानमोडी डोळ्यांनी पाहिलेली माणसे गावोगाव ओट्यावर बसलेली दिसत. कोणी त्यांना विचारले नाही, आणि ती गेली. बहात्तरच्या दुष्काळात जो दहा वर्षांचा पोर होता, तोही आज साठी ओलांडून बसला आहे.

तोंडी सांगितलेले सारेच खरे असते असे नव्हे. काळ्या दगडाचे देऊळ दिसले की ते हेमाडपंताने बांधले, नाहीतर पांडवांनी एका रात्रीत उभारले, असे गावोगाव सांगतात. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख मात्र शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ते देऊळ हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. पांडवांची कथा पांडवांविषयी काही सांगत नाही. देऊळ बांधणाऱ्याचे नाव गाव विसरले, एवढे सांगते. म्हणून ऐकलेले जसेच्या तसे लिहावे, पारख नंतर करावी.

स्त्रियांचा इतिहास तर जात्यापाशीच राहिला. साने गुरुजींनी ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’मध्ये छापल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत विठ्ठल आहे, रामायण आहे, तसेच सासुरवास, भावाची वाट, पीकपाणी आणि बाबासाहेबही आहेत. पिठाची गिरणी आली, बाईचे पहाटेचे कष्ट हलके झाले, हे चांगलेच झाले. पण ओवी म्हणण्याचे निमित्तही गेले.

हे काम करण्यास विद्वान लागत नाही. गावातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने वही घ्यावी. सांगणाऱ्याचे नाव, अंदाजे वय, तारीख व जागा प्रथम लिहावी. ‘तुमचा इतिहास सांगा’ असे न विचारता ‘लग्नाला वऱ्हाड कशातून आले?’, ‘पाणी कोठून भरीत?’ असे विचारावे. दोघांचे सांगणे जुळले नाही तर दोन्ही लिहावीत. कोणाच्या घराण्याची उणीदुणी निघाली तर सांगणाऱ्याला विचारूनच ठेवावीत. वहीची एक प्रत देवस्थानाच्या हिशेबाच्या वह्यांबरोबर राहावी, दुसरी शाळेत. आवाज टिपून घेता आला तर उत्तमच.

ओव्या विचारावयाच्या असतील तर आजीला नुसते ‘म्हणा’ म्हणून भागत नाही. दोन ओळी होतात आणि ‘आता काही आठवत नाही बाई’ म्हणून ती थांबते. अडगळीतले जाते काढून पुसावे, मूठभर जोंधळे घालावेत आणि खुंटा तिच्या हाती द्यावा.